एका विकराची उणीव : नवजात बालकाचे प्राण आणि ओळख

महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेवरील सोलापूर जिल्ह्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषांचा संगम झालेला आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर व मंगळवेढा या तालुक्यांत कन्नड बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. शहराच्या पूर्व भागात तेलुगू भाषक विणकरांची दाट वस्ती आहे. भाषांप्रमाणेच सोयरिकीच्या चालीरीतीही येथे एकमेकींत मिसळल्या आहेत. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत मान्य आहे. काही समाजांत मामा-भाचीचे लग्नही निषिद्ध मानले जात नाही. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात नातेसंबंधांच्या दृष्टीने महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण या दोन पद्धतींच्या मधला प्रदेश असल्याचे दाखवून दिले. सोलापूर जिल्हा हे त्याचे बोलके उदाहरण होय.

या सामाजिक वस्तुस्थितीचा वैद्यकशास्त्राशी एक जवळचा संबंध आहे. रक्ताच्या नात्यात विवाह झाले असता काही दुर्मिळ आनुवंशिक विकार अपत्यात प्रकट होण्याचा संभव वाढतो. शरीरातील पौरुषजनक संप्रेरकांच्या, म्हणजेच अँड्रोजेन हार्मोनांच्या, चयापचयातील दोष हे या विकारांपैकीच आहेत. त्यांतील एक दोष जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांतच बालकाचा जीव घेऊ शकतो. दुसरा दोष जीव घेत नाही. परंतु वयात येताना त्या मुलाची वा मुलीची समाजातील ओळखच डळमळीत करतो. दोन्हींचे निदान आज शक्य आहे आणि पहिल्यावर परिणामकारक उपचारही उपलब्ध आहे. मात्र अशी बालके प्रथम डॉक्टरांच्या नव्हे, तर आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि जन्मनोंद करणारे ग्रामसेवक यांच्या दृष्टीस पडतात. यास्तव या विषयाची शास्त्रीय माहिती गावपातळीवर पोहोचणे अगत्याचे आहे.

विकर आणि संप्रेरक

संप्रेरके म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेले रासायनिक निरोप होत. ती अत्यल्प प्रमाणात असतात. परंतु वाढ, भूक, झोप, पुनरुत्पादन अशा मोठ्या क्रियांचे नियमन करतात. ही मात्रा किती सूक्ष्म असते याची कल्पना एका प्रयोगावरून येईल. जर्मन शास्त्रज्ञ अडोल्फ बुटेनान्ट यांनी १९३१ साली पहिले पौरुषजनक संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळविले. त्यासाठी त्यांनी पोलिसांकडून जमविलेले सुमारे १५,००० लिटर मूत्र वापरले आणि त्यातून हाती आले अवघे १५ मिलिग्रॅम द्रव्य. १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

ही संप्रेरके केवळ पुरुषांच्याच शरीरात असतात, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पुरुषात ती मुख्यत्वे वृषणात तयार होतात. परंतु मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या दोन लहान अधिवृक्क ग्रंथी स्त्री व पुरुष दोघांच्याही शरीरात त्यांची निर्मिती करीत असतात. स्त्रीच्या अंडाशयातही ती बनतात आणि त्यांपासूनच पुढे स्त्रीत्वाची संप्रेरके तयार होतात. हे रूपांतर घडविणाऱ्या विकराला अरोमाटेज असे नाव आहे.

विकर म्हणजे एका द्रव्याचे दुसऱ्या द्रव्यात रूपांतर जलद घडवून आणणारे प्रथिन. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते आणि ते प्रथिन कसे बांधावयाचे याचा आराखडा एकेका जनुकात असतो. जनुकात दोष असला तर विकर निकामी बनते आणि रूपांतराची साखळी त्या ठिकाणी तुटते.

कालव्याचे बंद दार

उजनीच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांना ही साखळी समजावून सांगणे अवघड नाही. अधिवृक्क ग्रंथीत कोलेस्टेरॉल या द्रव्यापासून तीन प्रकारची संप्रेरके बनतात. मुख्य कालव्यातून तीन वितरिका निघाव्यात, तसा हा प्रकार आहे. पहिल्या वितरिकेतून शरीरातील मीठ व पाणी राखून ठेवणारे आल्डोस्टेरॉन मिळते. दुसरीतून आजारपण, उपवास, दुखापत अशा ताणाच्या प्रसंगी शरीराला सावरणारे कॉर्टिसॉल मिळते. तिसरीतून पौरुषजनक संप्रेरके मिळतात. विकर हे या वितरिकांवरील पाटकरी होत. दार कोणते आणि किती उघडावयाचे, हे त्यांच्या हाती असते.

'एकवीस-हायड्रॉक्सिलेज' हे विकर पहिल्या दोन वितरिकांवर काम करते. ते निकामी असेल तर त्या दोन्ही वितरिका कोरड्या पडतात. टेलच्या शेतकऱ्यांना पाणी मिळाले नाही म्हणजे मागणी वाढते आणि वरून विसर्ग वाढविला जातो. शरीरातही तसेच होते. कॉर्टिसॉल कमी पडल्याचे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला जाणवते आणि ती अधिवृक्क ग्रंथीला अधिक काम करावयास लावते. परंतु दारे बंदच असल्यामुळे वाढीव पाणी तिसऱ्या, मोकळ्या वितरिकेत लोटते. परिणामी आवश्यक संप्रेरकांचा दुष्काळ आणि पौरुषजनक संप्रेरकांचा पूर, अशी दुहेरी आपत्ती एकाच वेळी ओढवते. सतत राबून अधिवृक्क ग्रंथीही आकाराने वाढते. म्हणून या विकाराला जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी असे म्हणतात.

हा पूर गर्भावस्थेतच सुरू होतो. बालक मुलगी असेल तर तिच्या बाह्य जननेंद्रियांची ठेवण मुलासारखी दिसू लागते. शरीराच्या आत मात्र गर्भाशय व अंडाशय व्यवस्थित असतात आणि योग्य उपचार मिळाल्यास पुढे तिला मातृत्वही लाभू शकते. अशा मुलीला जन्मवेळी मुलगा समजले जाण्याचा संभव असतो. बालक मुलगा असेल तर बाहेरून काहीच वेगळे दिसत नाही आणि खरा धोका येथेच आहे. मुलीच्या बाबतीत निदान शंका तरी येते. मुलाचा विकार लक्षातही न येता तो दगावू शकतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातील संकट

या विकाराच्या तीव्र प्रकारांतील सुमारे तीन-चतुर्थांश बालकांच्या शरीरात मीठ टिकत नाही. लघवीवाटे मीठ व त्याबरोबर पाणी निघून जाते. साधारणतः पहिल्या ते तिसऱ्या आठवड्याच्या दरम्यान बालक दूध ओढेनासे होते, वारंवार उलट्या करते, मलूल पडते आणि त्याचे वजन घटू लागते. रक्तातील सोडियम उतरते, पोटॅशियम चढते आणि हृदयाची क्रिया बंद पडू शकते. घरच्यांना ही साधी उलटी-जुलाबाची तक्रार वाटते. कोणी दृष्ट काढतो, कोणी घुटी बदलतो आणि मोलाचे तास वाया जातात.

या विकाराची एक जुनी नोंद इटलीतील नेपल्स येथील आहे. लुईजी दे क्रेक्यिओ या शरीरविच्छेदन-तज्ज्ञाने १८६५ साली एका मृत व्यक्तीच्या तपासणीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ती व्यक्ती आयुष्यभर पुरुष म्हणून वावरली होती. परंतु शरीरात गर्भाशय व अंडाशय आढळले आणि अधिवृक्क ग्रंथी अतिशय मोठ्या झालेल्या होत्या. त्या व्यक्तीचा अंतही उलट्या, जुलाब आणि क्षीणता यांमुळेच झाला होता. उपचार सापडण्यास मात्र आणखी ८५ वर्षे लागली. १९५० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिसोन देऊन हा विकार ताब्यात आणता येतो, हे दाखविले.

आजचा उपचारही त्याच तत्त्वावर आधारलेला आहे. शरीर जे संप्रेरक बनवू शकत नाही, ते बाहेरून द्यावयाचे. बालकांना हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, मीठ राखणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन हे औषध आणि तान्हेपणी थोडे मीठ दिले जाते. कॉर्टिसॉलची उणीव भरून निघाली की पीयूषिकेची मागणी थांबते आणि पौरुषजनक संप्रेरकांचा पूरही ओसरतो. ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात. ती एकाएकी थांबविणे प्राणघातक ठरू शकते. ताप, अपघात वा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा वाढवावी लागते. हे पथ्य पाळणारे मूल इतरांप्रमाणेच शाळेत जाते, खेळते आणि मोठे होते.

निदानासाठी नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब पुरतात. ते एका विशिष्ट कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठविता येतात. अडविलेल्या पाण्याप्रमाणे साचून राहिलेले 'सतरा-हायड्रॉक्सि-प्रोजेस्टेरॉन' हे द्रव्य त्यात मोजले जाते. ही पद्धत १९७७ साली विकसित झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे एक लाखाहून अधिक नवजात बालकांची अशी तपासणी करविली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरासरी ५,७६२ बालकांमागे एकास हा विकार आढळला. शेजारच्या गोवा राज्याने २००८ मध्येच नवजात बालकांच्या रक्तचाचणीचा कार्यक्रम सरकारी पातळीवर हाती घेतला होता.

वयात येताना उमगणारा दोष

दुसऱ्या विकराचे नाव 'पाच-अल्फा-रिडक्टेज' असे आहे. वृषणात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे ते डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करते. गर्भावस्थेच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मुलाच्या बाह्य जननेंद्रियांची घडण या दुसऱ्या संप्रेरकामुळे होते. विकर नसेल तर गुणसूत्रे मुलाची आणि वृषणेही शरीरात असूनही बालक जन्मतः मुलीसारखे दिसते. साहजिकच त्याला मुलगी म्हणून वाढविले जाते. बारा-चौदाव्या वर्षी टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण वाढले की आवाज फुटतो, स्नायू भरतात. स्तनांची वाढ होत नाही आणि मासिक पाळी येत नाही.

१९७४ साली डॉ. ज्युलियन इम्पेरातो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास या खेड्यातील अशा अनेक कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या लहानशा वस्तीत एकमेकांशी नाती जुळलेली असल्यामुळे हा दोष अनेक घरांत उतरला होता. त्यातील बहुतेकांनी वयात आल्यानंतर पुरुष म्हणून जगणे पसंत केले. या अभ्यासातून वैद्यकास एक अनपेक्षित लाभ झाला. या व्यक्तींची पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, लहानच राहते, असे आढळले. त्यावरून हे विकर रोखणारे फिनास्टेराइड हे औषध शोधले गेले आणि १९९२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीचा त्रास होणाऱ्या वृद्धांना आपल्याकडेही ते दिले जाते.

नाते आणि आनुवंशिकता

हे दोन्ही दोष अप्रभावी स्वरूपाचे आहेत. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, दुसरी वडिलांकडून मिळालेली. एक प्रत सदोष असली तरी दुसरीच्या बळावर काम भागते. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात; ती स्वतः निरोगी असते. आई व वडील दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भधारणेत विकार होण्याचा संभव चारांत एक एवढा असतो. याचा अर्थ दोष एकट्या आईचा कधीच नसतो. सदोष प्रत दोघांकडूनही समसमान आलेली असते. अशा अपत्यामुळे सुनेला दोष देण्याची वा दुसऱ्या लग्नाची भाषा करण्याची प्रवृत्ती अन्यायकारक तर आहेच, शिवाय शास्त्राच्या दृष्टीने ती निराधारही आहे.

वर दिलेल्या ५,७६२ या आकड्यावरून हिशेब केला असता अधिवृक्क अतिवृद्धीचे वाहक सुमारे ३८ व्यक्तींमागे एक असावेत. वाहक पुरुषाने नात्याबाहेरील मुलीशी विवाह केला तर तीही वाहक असण्याचा संभव ३८ त एक आणि अपत्यास विकार होण्याचा संभव सुमारे १५२ त एक येतो. त्याने मामाच्या मुलीशी विवाह केला तर ती वाहक असण्याचा संभव निदान आठांत एक असतो आणि अपत्याच्या बाबतीत तो ३२ त एक होतो. मामा-भाचीच्या विवाहात हेच प्रमाण १६ त एक इतके वाढते.

अर्थात नात्यातील प्रत्येक विवाहातून विकार उद्‌भवतो, असे मुळीच नाही. बहुसंख्य अपत्ये निरोगीच असतात. नात्याबाहेरील विवाहही या विकारापासून सर्वस्वी मुक्त नाहीत. परंतु ज्या घराण्यात तान्ही मुले अकस्मात दगावल्याचा किंवा जननेंद्रियांच्या वेगळ्या ठेवणीचा इतिहास आहे, तेथे नात्यातील सोयरीक ठरविण्यापूर्वी आनुवंशिक सल्ला घेणे शहाणपणाचे ठरेल.

शासनव्यवहारातील एक प्रसंग

विकराचा किंवा संप्रेरक स्वीकारणाऱ्या पेशींचा दोष वेळीच ओळखला गेला नाही तर त्याचा परिणाम केवळ दवाखान्यापुरता राहत नाही. २०१८ च्या नाशिक ग्रामीण पोलीस भरतीतील एक प्रकरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. लेखी व शारीरिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका तरुणीच्या वैद्यकीय तपासणीत गर्भाशय व अंडाशय नसल्याचे आणि गुणसूत्रे पुरुषाची असल्याचे आढळले. तिला नियुक्ती मिळाली नाही. जन्मापासून ती मुलगी म्हणूनच वाढली, शिकली होती आणि या गोष्टीची तिला कल्पनाही नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व न्यायमूर्ती माधव जामदार यांच्या खंडपीठासमोर राज्य शासनाने सहानुभूतीची भूमिका घेऊन तिला पोलीस दलात शिपाईपदाव्यतिरिक्त अन्य पदावर सामावून घेण्याची तयारी दर्शविली. यात तिचा कोणताही दोष नाही, असे न्यायालयाने म्हटले. शरीराच्या रसायनशास्त्रातील एका फरकापायी नागरिकाचा हक्क हिरावला जाऊ नये, हा त्यातील बोध होय.

याच संदर्भात आणखी एका निर्णयाचा उल्लेख केला पाहिजे. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा बालकांवर केवळ बाह्य स्वरूप 'नीट' करण्यासाठी शस्त्रक्रिया करू नये, असा निर्देश दिला आणि त्यानुसार तामिळनाडू शासनाने आदेश काढला. जिवाला धोका असेल तेथे उपचार तत्काळ झाले पाहिजेत. परंतु जेथे तसा धोका नाही तेथे व्यक्ती मोठी होऊन स्वतःविषयी निर्णय घेऊ शकेल तोवर थांबावे, असा विचार त्यामागे आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींचे वेळापत्रक या कामी अत्यंत उपयुक्त आहे. रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी ती घरी जाते. मीठ गमावणाऱ्या बालकाचे संकट नेमके याच काळात येते. निरोगी बालकाचे वजन पहिल्या काही दिवसांत थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होते. चौदाव्या दिवशीही वजन जन्मवजनापेक्षा कमी असेल, बाळ उलट्या करीत असेल व मलूल असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने त्याला रुग्णालयात हलवावे. पूर्वीचे मूल अशाच रीतीने दगावले असल्यास ती माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

जन्मवेळी बालकाचे लिंग स्पष्ट नसेल तर सुईण, नातलग वा कर्मचारी यांनी अंदाजाने निर्णय जाहीर करू नये. जन्माची माहिती देण्यासाठी कायद्याने २१ दिवसांची मुदत आहे. रक्त, गुणसूत्रे व सोनोग्राफी यांच्या तपासण्या होईपर्यंत धीर धरता येतो. नंतर नोंदीत चूक आढळल्यास ती दुरुस्त करण्याची तरतूदही जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये आहे. ग्रामसेवकांनी अशा कुटुंबास हेलपाटे न घालावयास लावता मार्गदर्शन करावे.

शिक्षकांचे स्थान तितकेच महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. शाळांतील मुलांची आरोग्य तपासणी हा त्याचा भाग आहे. सहा-सात वर्षांच्या मुलात वयात येण्याची लक्षणे दिसणे, पंधरा वर्षांपर्यंत मुलीला पाळी न येणे, मुलीचा आवाज फुटणे किंवा चेहऱ्यावर दाट केस येणे, या गोष्टी आढळल्यास पालकांशी एकान्तात बोलून तपासणी पथकाकडे पाठवावे. केस वाढणे व पाळी अनियमित असणे यांची कारणे अनेक असतात. एकवीस-हायड्रॉक्सिलेजची सौम्य उणीव हे त्यांतील एक आहे. वर्गात त्याची चर्चा होता कामा नये. थट्टेमुळे अशी मुले शाळा सोडतात आणि उपचारांपासूनही दुरावतात.

सोलापूर येथे १९६३ मध्ये स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सर्वोपचार रुग्णालय हे जिल्ह्यातील नागरिकांचे पहिले आश्रयस्थान आहे. अधिक तपासणीची गरज भासल्यास मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत व महिला मेळाव्यात हा विषय संकोच न करता मांडावा. गावातील एखाद्या घरात तान्ही मुले पाठोपाठ दगावली असतील, तर त्यास दैवाचा कोप वा सुनेचा पायगुण न म्हणता त्या कुटुंबाला पुढील गर्भधारणेपूर्वी रुग्णालयाची वाट दाखवावी. एका विकराची उणीव औषधाच्या गोळीने भरून काढता येते. गैरसमजाची उणीव मात्र समाजालाच भरून काढावी लागेल आणि त्या कामी अधिकारी, शिक्षक व लोकप्रतिनिधी यांचे सहकार्य मोलाचे ठरेल.